भरलेला हॉल

साहेबांचा हुकूम आला तेव्हा मी एका बाईला लिफ्टमध्ये खाली बसवत होते. म्हणजे मी माझ्या घरात, आणि ती कुठल्याशा इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये. तिला धाप लागली होती, आणि इकडे माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी पट्टी लुकलुकत होती. येत्या पहिल्या तारखेपासून सर्वांनी ऑफिसमध्ये येऊन काम करायचं. आपण सगळे एक कुटुंब आहोत. शेवटी एक हसरा चेहरा. तो चेहरा पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाजात मी काही येऊ दिलं नाही. आमच्या कामात तेवढं जमावंच लागतं.

माझं काम असं. लिफ्टमध्ये घंटेचं चित्र असलेलं एक बटण असतं. बहुतेकांना ते शोभेचं वाटतं. लिफ्ट अडकली की मात्र त्याच्यावर बुक्क्या पडतात आणि फोन आमच्याकडे लागतो. इमारत कुठली ते स्क्रीनवर दिसतं, मेकॅनिकला निरोप जातो, आणि तो पोचेपर्यंत आतल्या माणसाला शांत ठेवायचं. कुणी रडतं, कुणी शिव्या घालतं, कुणी बायकोला निरोप द्यायला लावतं. एक गृहस्थ तर मला मृत्युपत्र सांगायला लागले होते. मेकॅनिक आला तेव्हा आम्ही धाकट्या मुलाच्या वाट्यापर्यंत पोचलो होतो.

नियम एकच, आणि तो पहिल्या दिवशी डोक्यात ठोकून भरतात: दार उघडेपर्यंत फोन ठेवायचा नाही. उघडलं तरी लगेच नाही. लिफ्ट कधी मजल्याच्या जरा वर थांबलेली असते, कधी खाली, आणि घाबरलेला माणूस पायाखाली बघत नाही. म्हणून शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. "दार उघडलं? या बाहेर. सावकाश, खाली बघून पाऊल टाका." मग समोरचा म्हणतो, "आलो." मग फोन ठेवायचा. इतकी वर्षं म्हणून म्हणून हे वाक्य माझ्या तोंडात असं बसलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं.

गेली काही वर्षं मी हे घरून करत होते. स्वयंपाकघराच्या दाराशी एक टेबल, कानाला हेडफोन आणि भिंतीपलीकडे बाबा. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यावर ओळखीतल्या सगळ्यांचं हसून झालेलं आहे.

बाबांनी आयुष्यभर घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचले. जिन्याखाली वाकायचं, तळघरात उतरायचं, कुत्र्यांशी दोस्ती करायची आणि आकडा टिपून पुढच्या दारात. चालण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता त्यांना स्वतःच्या चपला ओळखू येत नव्हत्या. आई गेल्याचं ते रोज नव्याने विसरायचे आणि मला कधी ताई, कधी सूनबाई, कधी "अहो मॅडम" म्हणायचे. माणूस विसरायला लागला की आधी चिडका होतो, असं डॉक्टर म्हणाले होते. सुरुवातीला बाबांनीही माझ्या नाकी नऊ आणले. दार वाजवायचे, ताट ढकलायचे, माझ्यावर हातसुद्धा उगारायचे.

आणि मग ते शांत झाले. औषध तेच, जेवण तेच. डॉक्टरांनी विचारलं, घरात नवीन काय झालं? नवीन काहीच नव्हतं, फक्त मी घरून काम करायला लागले होते.

भिंतीपलीकडून दिवसभर माझा आवाज त्यांच्या कानावर जायचा, आणि ते सगळं आपल्यालाच चाललंय असं ते धरून चालायचे. मी कुणाला म्हटलं, "खाली बसून घ्या," की ते बसायचे. "लांब श्वास घ्या," म्हटलं की आतून सुस्कारा यायचा. "काळजी करू नका, मेकॅनिक निघालाय," म्हटलं की विचारायचे, "कुठवर आलाय?" एकदा मी एका घामाघूम झालेल्या माणसाला शर्टाची बटणं सैल करायला सांगितलं, तर चहाच्या वेळी बाबा सगळी बटणं सोडून ऐटीत बाहेर आले. आणि फोन संपताना मी "या बाहेर, सावकाश" म्हटलं की तेही खोलीतून हळूहळू, जमिनीकडे बघत, माझ्या टेबलापर्यंत यायचे. "आलो," म्हणायचे. मी त्यांना बिस्किट द्यायचे. दिवसातून कितीतरी वेळा ते असे अडकायचे आणि सुटायचे. त्यात त्यांचं बरं चाललं होतं, आणि माझंही.

माझा मोठा भाऊ परदेशात असतो. दादा दर रविवारी फोन करून उंटावरून शेळ्या हाकायचा. "तू त्यांना एखाद्या चांगल्या ठिकाणी का ठेवत नाहीस?" चांगलं ठिकाण मी पाहिलेलं होतं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर बाबांना तिथे ठेवलं होतं. भिंती गुलाबी होत्या, आणि बाबांचे हात पलंगाच्या दांडीला कापडाने बांधलेले होते. "फिरतात म्हणून," तिथली बाई म्हणाली. मी त्यांना घरी आणलं तेव्हा मनगटांवर वळ होते. त्या दिवशी मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, बाबा पुन्हा तिथे जाणार नाहीत. त्यांचं जे काही उरलंय ते त्यांच्या घरात, हात मोकळे असताना संपेल. यापलीकडे मला काही नको होतं.

तर हुकूम आला. आमची आपसात बोलायची एक लाइन होती, दोन फोनांच्या मध्ये तिथे गप्पा चालायच्या. तिथे आमच्यातला रेडिओ होता. त्याला रेडिओ म्हणायचे कारण तो बंद होत नसे.

"ताई, मी शोध लावला," तो म्हणाला. "जागेचं भाडं भरून ठेवलंय लांबलचक वर्षांचं. रिकाम्या खुर्च्या बघून त्यांच्या पोटात दुखतंय."

"मग खुर्च्या विकायच्या."

"नाहीतर साहेबांना घरी कुणी साहेब म्हणत नसणार. बायको म्हणत असेल, आधी कचरा टाकून या."

मी हसले. भिंतीपलीकडून बाबांनी विचारलं, "आला का मेकॅनिक?"

मी साहेबांना भेटायला गेले. शेजारच्या काकूंना बाबांपाशी बसवलं आणि इतक्या वर्षांनी ऑफिसच्या जिन्याची पायरी चढले. ऑफिस होतं तसंच होतं. एक लांब हॉल, त्यात रांगांनी टेबलं, आणि एका बाजूला आख्खी काचेची भिंत. काचेपलीकडे गालिचा टाकलेला एक बोळ. लिफ्ट बनवणाऱ्या कंपन्यांचे लोक कंत्राट द्यायला आले की त्या बोळातून चालत जायचे आणि आम्हाला बघायचे. हॉलमध्ये धूळ नव्हती, कोणीतरी रोज पुसत असणार. साहेब एकटेच होते. वयाने माझ्याहून लहान, बोलायला मऊ. मी सगळं सांगितलं. बाबांचं, आवाजाचं, गुलाबी भिंतींचं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मॅडम, तुमचे आकडे मी बघितलेत," ते म्हणाले. "घरून तुमचं काम जास्त चांगलं झालंय. सगळ्यांचंच झालंय."

"मग झालं तर."

"झालं कुठे? तेच तर." ते उठून काचेपाशी गेले. "पाहुणे येतात. त्यांना काय दाखवू? तुमचं स्वयंपाकघर?"

"आवाज ऐकवा की. काम आवाजाचंच आहे."

"आवाज काय, आवाज आता मशीनसुद्धा काढतं. त्यांना माणसं बघायची असतात. इतकी टेबलं, इतकी डोकी, म्हणजे ही कंपनी भक्कम." मग म्हणाले, "आणि पाहुण्यांचं सोडा. वरचे विचारतात, तुझ्याशिवाय सगळं व्यवस्थित चाललंय, मग तू तिथे काय करतोस? याला काय उत्तर देऊ? आधी मी हा हॉल दाखवायचो. मी इथे उभा, समोर सगळे. विचारायचं कारणच नव्हतं."

एवढं खरं बोलतील असं मला वाटलं नव्हतं. मला त्यांची कीवही आली, आणि रागही आला. एका माणसाला कुणासमोर तरी उभं राहता यावं म्हणून माझ्या बापाने मेटाकुटीला यायचं, हा कुठला न्याय?

"माझ्या एकटीला सवलत द्या," मी म्हटलं. "मी कुणाला सांगणार नाही."

"एकाला दिली की सगळ्यांच्या घरी कोणी ना कोणी असतंच मॅडम." ते खिडकीतल्या कुंडीकडे बघत होते. "सगळे येणार नाहीत, हे आम्ही धरूनच चाललोय."

"म्हणजे?"

"काही जण सोडून जातील. आपण होऊन. मग कुणाला काढायचा वाईटपणा यायला नको."

म्हणजे मी गेले तर बरंच, हेही ठरलेलं होतं. माझ्या नावावर काट आधीच मारलेली, फक्त पेन माझ्या हातात द्यायचं होतं. मी तिथल्या तिथे सांगितलं, "मी सोडणार नाही, साहेब." त्यात थोडा हट्ट होता हे मला कळत होतं. पण घर माझ्या पगारावर चालायचं आणि या वयात मला दुसरीकडे कोण घेणार होतं? साहेबांनी मान हलवली. "छान," ते म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना मनापासून बरं वाटलं.

बाबांना सांभाळायला मी एक मावशी शोधल्या. साठीच्या, शांत, हाताला चव असलेल्या. पहिल्या तारखेला सकाळी मी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "ऑफिसला जाऊन येते." ते म्हणाले, "बरं मॅडम, मीटर कुठे आहे?"

त्या आठवड्याचं काय सांगू. हॉल अर्धा भरला. रेडिओ माझ्या मागच्या टेबलावर होता, आणि आम्हाला मागे वळून बोलायला मनाई होती, म्हणून तो हेडफोनवरून माझ्याशी बोलायचा. एकत्र यायचं म्हणून आलेलो आम्ही सगळे, एकमेकांकडे पाठ करून काचेकडे तोंड करून बसलो होतो. मोबाइल दारातल्या कपाटात ठेवायचा आणि किल्ली गळ्यात अडकवायची. पाहुण्यांना हातात मोबाइल दिसलेले चालत नाहीत.

घरी बाबा पुन्हा पहिल्यासारखे झाले. जेवेनात. खोलीत येरझाऱ्या. भिंतीला कान लावून उभे राहायचे. संध्याकाळी मी पोचले की मावशी हात टेकून बसलेल्या असायच्या. "दिवसभर एकच विचारतात हो," त्या म्हणाल्या, "त्या बाई का बोलत नाहीत? त्यांचं काही बरंवाईट झालं का?"

मी हे रेडिओला सांगितलं. तो एरवी वात्रट, पण या वेळी थट्टा न करता म्हणाला, "ताई, त्यांना तुमचा आवाजच हवाय ना? मग मोबाइलमध्ये भरून ठेवा की."

मला ते एकदम पटलं. इतकं साधं मला कसं सुचलं नाही, असंही वाटलं. रविवारी दादाचा फोन लवकर आटपला आणि टेबलाशी बसले. समोर मोबाइल ठेवला, आणि खोटी माणसं अडकवायला लागले. वाढदिवसाचा केक घेऊन निघालेला एक जाडा माणूस. नवीन लग्न झालेलं जोडपं, त्यातला नवराच जास्त घाबरलेला. एक रागीट आजीबाई, ज्यांना मेकॅनिकपेक्षा लिफ्टच्या मालकाशी बोलायचं होतं. मी त्यांना धीर दिला, श्वास घ्यायला लावला, हसवलं. मजा यायला लागली. पलीकडे बाबा, कितीतरी दिवसांनी, शांत बसले होते. "कुठवर आलाय?" त्यांनी विचारलं. "आलाच," मी म्हटलं, आणि तेही त्यात भरलं गेलं.

प्रत्येकाला मी शेवटी सोडवलं. केकवाल्याला, जोडप्याला, आजीबाईंना. माझ्या डोक्यात दुसरा विचारच आला नाही. खोटं का असेना, माणूस आत अडकलेला ठेवून फोन ठेवायचा? ते माझ्याच्याने झालं नसतं. "दार उघडलं? या बाहेर. सावकाश, खाली बघून पाऊल टाका." प्रत्येक वेळी म्हटलं, नीट, न विसरता, हाताला धरून आणल्यासारखं. आणि प्रत्येक वेळी बाबा खोलीतून बाहेर आले. मी समोर होते, म्हणून मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

ते सगळं मी एका छोट्या स्पीकरमध्ये घातलं आणि तो कसा लावायचा ते मावशींना दाखवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर मावशींचा चेहरा उजळलेला. "अहो, जादू झाली. जेवले, झोपले. मधेमधे बाहेर येतात, त्या डब्याशी बसतात, मी चहा देते." मला रडू आलं. रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

एक गोष्ट मावशींनी मला विचारली होती. कधी दूध आणायला, कधी गच्चीवरचे कपडे काढायला त्यांना पाच-दहा मिनिटं जावं लागायचं. "बाहेरून कडी घालून जाऊ का?" मी नाही म्हटलं. चांगलं ओरडूनच म्हटलं. ज्या बाईचा जन्म पेटीत कोंडलेल्या लोकांच्या किंकाळ्या ऐकण्यात गेला, तिने आपल्या बापाला बाहेरून कडी घालायची? "दार नुसतं ओढून घ्या," मी सांगितलं, "ते काही दाराकडे जात नाहीत." आणि ते जात नव्हते, हे खरंच होतं.

पाहुणे आले तो दिवस. साहेबांनी सकाळी येऊन सगळ्यांना ताठ बसायला सांगितलं होतं, नवीन शर्ट घातला होता. मला पहिल्या रांगेत बसवलं. काचेपलीकडच्या बोळात कोट घातलेली चार-सहा माणसं आली, आणि नेमका माझ्याकडे फोन आला. भाजीच्या पिशव्या घेतलेली एक बाई, अंधारात. तिचा आवाज चिरकत होता. मी काम करायला लागले. काचेतून ते बघत होते, साहेब माझ्याकडे हात करून काही सांगत होते. मला ऐकू येत नव्हतं, पण एकाने कौतुकाने मान डोलावली. मेकॅनिकला उशीर झाला. मी तिच्याकडून तिच्या भाज्या मोजून घेतल्या, काय स्वयंपाक करणार विचारलं, तिला हसवलं. तिचं दार उघडलं, ती "आले" म्हणाली आणि रडायला लागली. साहेबांनी काचेतून मला अंगठा दाखवला.

त्याच सुमारास मावशी गच्चीवर गेल्या होत्या. वारा सुटला होता, कपडे उडत होते म्हणून. टेबलावरचा स्पीकर बोलत होता. बाबा खोलीतून बाहेर आले असणार. टेबलाशी मी नव्हते, मावशी नव्हत्या, चहा नव्हता. आणि माझा आवाज सांगत होता की दार उघडलंय, या बाहेर. समोर एकच दार होतं. त्यांनी ते उघडलं.

सावकाशच गेले असतील, खाली बघत. मी तसंच सांगितलं होतं.

मावशी खाली आल्या तेव्हा दार सताड उघडं, आणि घरात मी आजीबाईंची समजूत काढत होते. त्यांनी जिना पाहिला, गल्ली पाहिली, मग मला फोन लावला. लावत राहिल्या. माझा मोबाइल कपाटात वाजत होता आणि किल्ली माझ्या गळ्यात होती. मावशींना मी कधी एका शब्दाने बोलले नाही. बोलणार काय? ऑफिसचा दुसरा नंबर मीच त्यांना दिला नव्हता. द्यावा लागेल असं वाटलंच नव्हतं. घरी होते तेव्हा लागतच नव्हता.

पायांना जुनं काम आठवलं असावं. दोन गल्ल्या सोडून एक इमारत आहे, तिथले मीटर तळघरात आहेत. बाबा तिथे दर महिन्याला जायचे. पायऱ्या अरुंद आहेत आणि दिवा गेलेला होता. तिथल्या रखवालदाराला संध्याकाळी ते खाली पडलेले सापडले.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा ते शुद्धीवर होते. कमरेचं हाड मोडलेलं, डोक्याला मार. हलू नयेत म्हणून त्यांचे हात पलंगाच्या दांडीला बांधले होते. मी नर्सला म्हटलं, सोडा ते. ती म्हणाली, नळ्या ओढून काढतात. मी स्वतः सोडायला गेले तर तिने माझा हात धरला. मी हात जोडले, भांडले, शेवटी रडले. तिचंही काही चुकत नव्हतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, पण ओळख कुठे दिसेना. मी बोलले तेव्हा मात्र चेहरा सैल झाला. "मेकॅनिक आला का?" त्यांनी विचारलं.

"निघालाय," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात ते गेले. हात बांधलेलेच होते.

दादा आला, चार दिवस राहिला, फोनवर तिकीट बदलत बसला. "फार काळ हाल झाले नाहीत, हे त्यातल्या त्यात," म्हणाला. मी त्याला चहा करून दिला. भांडायचं त्राण नव्हतं.

मग साहेब भेटायला आले. सोबत कुणी नव्हतं, एकटेच आले, दोन मजले चढून. माझ्या टेबलाच्या खुर्चीतच बसले, कारण तीच रिकामी होती. त्यांचे डोळे खरोखर ओले होते, मी खोटं सांगणार नाही. निघताना म्हणाले, "मॅडम, मी वर बोललोय तुमच्यासाठी. खास बाब म्हणून परवानगी मिळाली. हवं तर दोन-तीन महिने घरूनच काम करा."

मला वाटलं होतं मी किंचाळेन, काहीतरी फेकून मारीन. पण एवढ्या वर्षांच्या कामाने माझं किंचाळणंच मोडून टाकलंय.

"नको साहेब," मी म्हटलं. "मी येते ऑफिसला."

"बघा, विचार करा."

"घरी काय करू?"

ते मान खाली घालून जिना उतरले. मी तो स्पीकर कपाटात टाकला. त्यातलं मी काही पुसलेलं नाही आणि ऐकलेलंही नाही.

आता मी रोज जाते. घरात थांबवत नाही, म्हणून लवकर निघते. हॉलमध्ये दिवे लावणारी मीच. हॉल हल्ली भरलेला असतो. जे सोडून गेले त्यांच्या जागी नवीन मुलं आलीत, त्यांना मी नियम शिकवते. पाहुणेही येत असतात. रेडिओला आता बोळाच्या दाराजवळचं टेबल दिलंय, तिथे बाहेरचं बोलणं ऐकू येतं. परवा जेवणाच्या सुट्टीत तो माझ्यासमोर येऊन बसला आणि डबा न उघडताच म्हणाला, "ताई, साहेब तुमच्याबद्दल पाहुण्यांना काय सांगतात माहितीये?"

"काय?"

"म्हणतात, या बाई यायला अजिबात तयार नव्हत्या. भांडायला आल्या होत्या माझ्याकडे. आता बघा, सगळ्यांच्या आधी येतात."

तो एवढंच बोलून उठला. रेडिओ बंद पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

पाहुणे खूश झाले असणार, कारण नवीन कंत्राट मिळालं, आणि दुसऱ्या गावातल्या आमच्या शाखेलाही तोच हुकूम गेला. त्यात साहेबांनी माझा दाखला दिला होता. आमच्या एका ज्येष्ठ सहकारी भगिनींनी घरची मोठी अडचण असूनही, वगैरे. काल दुपारी तिथून एका मुलीचा फोन आला. माझ्या टेबलाचा नंबर तिने कुणाकडून तरी मिळवला होता. आवाज थरथरत होता. मला वाटलं लिफ्टमधलीच आहे, आणि मी सवयीने विचारलं, "आत किती जण आहात?"

"नाही नाही, मी आपल्याच ऑफिसमधली," ती म्हणाली. "ताई, माझी आई अंथरुणाला खिळलीये. मी घरात बोलत असले की तिला बरं वाटतं. आता पहिल्या तारखेपासून यायचंय. तुमचं नाव ऐकलं, म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं. तुम्ही घरचं कसं जमवलंत?"

घाबरलेल्या माणसाशी काय बोलायचं हे मला माहीत आहे. तेवढं एकच मला येतं. पण तिला सांगायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. काचेपलीकडून साहेब कुणाला तरी घेऊन येत होते.

"माझ्या घरी आता कुणी नाही," मी म्हटलं.

ती सुस्कारा सोडून म्हणाली, "बरं आहे ताई तुमचं." तिच्याकडे दुसरा फोन वाजायला लागला होता, म्हणून तिने घाईने ठेवला.